ह्यांना चढली नव्हती

“ताई, ह्यांनी दारू घेतलेली नाही. ह्यांना स्ट्रोक आलाय.”

भिवंडी बायपासजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीचे पेशंट आधी जिथे घेतात तिथे, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला हे सांगितलं. मी तेव्हा पिवळ्या पैठणीत होते. गळ्यात राणीहार, चपलाहार, हातात कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला पट्टा. नवऱ्याच्या सदऱ्याला दारूचा भपकारा येत होता. तरी त्या बाईंनी त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं, डोळ्यांत बॅटरी मारली, दोन्ही हात वर करायला लावले, आणि लगेच ओळखलं. मला रडूच फुटलं. भीतीने नंतर रडले. आधी रडले ते मी मघापासून जे घसा फोडून सांगत होते ते पहिल्यांदा कुणीतरी खरं मानलं म्हणून.

स्ट्रोक म्हणजे मेंदूचा झटका. आपण लकवा मारला म्हणतो तेच. मेंदूला रक्त पुरवणारी नळी एक तर क्लॉटने, म्हणजे रक्ताच्या गुठळीने, बंद पडते, नाहीतर फुटते. बंद पडली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देतात. फुटली असेल तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. म्हणून आधी सीटी स्कॅन काढावा लागतो, डोक्याचा आतला फोटो.

“सुरू कधी झालं?” बाईंनी विचारलं.

“नवरदेवाला हळद लावताना,” मी म्हटलं. दुसरी वेळ मला सांगताच येईना. मग निखिलने, म्हणजे नवरदेवानेच, अंदाजे वेळ सांगितली.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “वेळ आहे अजून, पण फार नाही. स्कॅनचं लगेच करायला हवं. काऊंटरवर जा.”

त्या काऊंटरचं सांगायलाच मी लिहायला बसलेय. पण आधी हळदीचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई एवढी नटून हॉस्पिटलात कशाला गेली.

आम्ही नारपोलीत राहतो. माझे यजमान दिनेश मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचे, ठेकेदाराच्या हजेरीवर. मी घरी शिवणकाम करते. माझ्या मोठ्या नणंदेचं सासर अंबाडीच्या आत एका गावात आहे. निखिल तिचा मुलगा. मे महिन्यात त्याचं लग्न निघालं आणि हे पडले सख्खे मामा.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाच्या वरताण. मांडव, डीजे, बायकांच्या एकसारख्या साड्या. एका कोपऱ्यात धवलारीण माईकवर लग्नाची गाणी म्हणतेय, मांडवाच्या मागे पुरुषांची बैठक बसलीय. आणि सोनं. मामा-मामीने तर मढून यायलाच पाहिजे, नाहीतर लोकं आयुष्यभर नावं ठेवतात.

आता खरं ते सांगते. त्या मांडवात जे झळकतं त्यातलं कितीतरी वन ग्रॅम असतं, म्हणजे वरून सोन्याचं पाणी आणि आत भलतंच. सगळ्यांना माहीत असतं. पण कुणी कुणाला विचारत नाही. विचारणं म्हणजे माणसाच्या अब्रूला हात घालणं.

माझं खरं सोनं सासऱ्यांच्या आजारपणात गेलं होतं. त्यांची किडनी खराब झाली, डायलिसिस सुरू झालं, म्हणजे मशीनने रक्त गाळून परत अंगात सोडायचं. हार गेला, मग पाटल्या गेल्या, शेवटी सासरेही गेले. हे मला म्हणाले, “आईला कळू देऊ नको. तिने हौसेने तुझ्या गळ्यात घातलेलं. ती जिवाला लावून घेईल.” सासूबाईंना सांगितलं, कंपनीने मदत केली. कंपनी डोंबल मदत करतेय! रोजंदारीच्या माणसाला कंपनी ओळखत तरी असते का? पण सासूबाईंनी मान हलवली आणि मी बाजारातून हुबेहूब तसाच हार आणला. वडील गेले त्या दिवसापासून ह्यांनी दारूही सोडली. एकदम बंद.

पण हळदीत मामा पीत नाही, हे कुणाला पटणार?

जेवणं उरकून ऊन कलायला लागलं होतं. हे नवरदेवाला हळद लावायला उठले. हळदीचा हात गालाऐवजी निखिलच्या कानाकडे गेला. सगळे हसले. पुन्हा हळद घ्यायला गेले तर वाटीच हातातून निसटली. काहीतरी बोलले, पण नुसतं बोबडं. मग पाय लटपटला आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या अंगावर गेले. त्याच्या हातातला ग्लास ह्यांच्या सदऱ्यावर.

“चढली! मामांना चढली!” दाजी ओरडले. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, नवरदेवाचे वडील. ते स्वतः तोवर चांगलेच तरंगत होते.

झालं. सगळा मांडव हसायला लागला. दोघा-तिघांनी ह्यांना उचलून मागच्या बाजल्यावर टाकलं. कुणी लिंबू पिळलं, कुणी डोक्यावर पाणी ओतलं. डीजेवाल्याने मामांच्या नावाने एक गाणंही लावलं. मी बायकांत नाचत होते, मला उशिरा कळलं. धावत गेले तर हे बाजल्यावर पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, लिंबूपाणी ओठांतून गळतंय. मी तोंडाचा वास घेतला. काहीच नाही. सगळा वास कपड्यांना.

“ह्यांनी घेतलेली नाही!” मी ओरडले. “ह्यांना काहीतरी होतंय!”

“वैशाली, आज भाच्यासाठी घेतली असेल गं,” दाजी म्हणाले. “झोपू दे. तासाभरात उठेल. तू जा, नाच.”

मी कुणाकुणाच्या पाया पडले नसेन? शेवटी ह्यांचा उजवा हात उचलून सोडला. तो धपकन खाली पडला. ते बघितलं सासूबाईंनी. त्या उठल्या, तशाच डीजेपाशी गेल्या आणि त्याची वायर खेचली. मांडवात एकदम शांतता.

“माझ्या पोराला घेवून चला,” त्या म्हणाल्या. “तो प्यालेला न्हाय. तो माझ्याशी खोटं बोलत न्हाय.”

आता न्यायचं कसं? ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती वाड्याच्या रस्त्यावर ट्रकच्या गर्दीत अडकलेली. मांडवाबाहेर गाड्या ओळीने उभ्या, पण चालवणारा प्रत्येक जण बैठकीतून उठलेला. अख्ख्या मांडवात शुद्धीवर असलेला आणि गाडी चालवता येणारा एकच माणूस होता. नवरदेव. आणि हळद लागलेल्या नवरदेवाने गावाची वेस ओलांडायची नाही, ही आमची रीत. म्हाताऱ्या बायका आडव्या झाल्या. “अंगाला हळद हाय त्याच्या, काय बाधलं म्हंजे?” नणंद बिचारी आई म्हणून घाबरली, बहीण म्हणूनही घाबरली, नुसती रडत उभी.

निखिलने कुणाचं ऐकलं नाही. तोंडावर हळद, गळ्यात जाड चेन, अंगात पिवळा झब्बा, तसाच स्टिअरिंगवर बसला. मागे मी आणि सासूबाई, ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. गाडी निघताना दाजींनी खिडकीत तोंड घातलं आणि म्हणाले, “सरकारीत नेऊ नका हां. नवरदेवाचा मामा हाय, चांगल्या ठिकाणी न्या.” तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चांगलं म्हणजे काचेचा दरवाजा आणि एसी, एवढीच आपली समज.

तर असे आम्ही काऊंटरवर पोचलो.

काऊंटरवरचा माणूस वाईट नव्हता. त्याने आमच्याकडे वरून खाली बघितलं. पिवळाधमक नवरदेव, मढलेली मामी. “शादी का घर है? टेन्शन मत लो, भाभी,” तो म्हणाला. मग मराठीत आला. “डिपॉझिट भरा, लगेच स्कॅनला घेतो.” आकडा सांगितला. ह्यांच्या चार पगारांचा होता.

“आधी स्कॅन करा, पैसे येतायत,” मी म्हटलं.

“सगळे तेच म्हणतात. सिस्टिमच उघडत नाही पैशांशिवाय.”

“आमचं केशरी रेशनकार्ड आहे. ते मोफतवाल्या योजनेत बसत नाही का?”

त्याने माझ्या गळ्याकडे बघितलं. हसला नाही, पण हसल्यासारखं केलं. “मॅडम, एवढं घालून आलाय आणि योजना विचारताय? आमच्याकडे योजना नाही. समोर सराफ आहे. बरेच लोक तिथून करून येतात.”

निखिल माझ्याकडे वळला. “मामी, हार दे. मी पळत जातो.”

काय सांगू तुम्हाला. एका बाजूला पडद्याआड नवरा, त्याचा घशात अडकल्यासारखा आवाज येतोय. दुसऱ्या बाजूला सासूबाई. ज्यांनी तो हार माझ्या लग्नात स्वतःच्या हातांनी माझ्या गळ्यात घातला होता. ह्यांनी मला शपथ घातली होती. पण शपथ घालणारा माणूसच जात असेल तर शपथ घेऊन काय करायचंय? मी हार काढला आणि काऊंटरवर आपटला. तो असा पत्र्यासारखा वाजला की रांगेतल्या लोकांनी मान वळवली.

“घ्या! वितळवा आणि बघा काय निघतंय ते!” मी म्हटलं. “खोटा आहे. सगळं खोटं आहे, पट्ट्यापासून बांगड्यांपर्यंत. खरं होतं ते एका हॉस्पिटलात आधीच घातलंय!”

मग मी सासूबाईंकडे वळले. “आई, बाबांच्या डायलिसिसला दिलं. कंपनीबिंपनी काही नाही.”

“मना ठावं हाय,” सासूबाई म्हणाल्या. “तू पाया पडायला वाकायचीस तवा वाजायचा तो. खरा हार असा वाजत न्हाय.”

दोन वर्षं त्यांना माहीत होतं. दोन वर्षं त्या ह्यांची अब्रू राखत होत्या आणि हे त्यांच्या जिवाला राखत होते. मी मधल्यामध्ये खोटा हार चिंचेने घासत बसले होते.

निखिलने स्वतःची चेन मुठीत धरली होती. सासरकडून साखरपुड्यात आलेली, तिची गावभर चर्चा झालेली. तो माझ्या कानाशी आला. “मामी, ही पण तसलीच आहे. त्यांनी आधीच सांगितलेलं, नंतर खरी देऊ.”

मला हसू आलं. त्या जागी, त्या वेळी, मला खरंच हसू आलं. आम्ही तिघं त्या काऊंटरसमोर पिवळेधमक उभे आणि तिघांत मिळून खरं सोनं काय, तर सासूबाईंच्या कानातल्या कुड्या.

त्या कुड्या त्यांच्या लग्नापासून कानात होत्या, मळसूत्र गंजून बसलेलं. हात धुवायच्या बेसिनपाशी नेऊन, साबण लावून मी त्या पिळून काढल्या. कानातून रक्त आलं. निखिल त्या गहाण ठेवायला पळत समोर गेला. त्यात थोडे आले. उरलेल्यासाठी त्याने दाजींना फोन केला. दाजींची आता उतरली होती. ऑर्केस्ट्राला द्यायला ठेवलेले पैसे त्यांनी मोबाईलवर पाठवले. त्यांचा आवाज मला फोनबाहेर ऐकू येत होता, नुसतं “अरे देवा, अरे देवा” चाललं होतं.

एवढं होईपर्यंत ह्यांना कुणी आत नेलं नाही. त्या डॉक्टरीणबाई दोनदा बाहेर आल्या, काऊंटरवाल्याशी हळू आवाजात भांडल्या, एकदा मालक डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सलाईन लावलं, बीपी उतरवलं, जेवढं त्यांच्या हातात होतं तेवढं केलं. माझं त्यांच्यावर काही म्हणणं नाही. देव त्यांचं भलं करो.

स्कॅन निघाला. नळी फुटलेली नव्हती, गुठळीच होती. म्हणजे इंजेक्शन चाललं असतं. मी म्हटलं, द्या. तेव्हा मालक डॉक्टर खाली आले आणि म्हणाले, “ते इंजेक्शन आमच्याकडे नाही. ठाण्याला घेऊन जा.”

माझा तोल सुटला. मी त्यांना नाही नाही ते बोलले. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “ताई, ते फार महाग असतं. एक आणून ठेवायचो. कधी तारीख उलटून फेकावं लागलं. कधी दिलं आणि नातेवाईक बिल न भरता पेशंट उचलून घेऊन गेले. योजनेत होतो, पैसे यायला इतका उशीर की नर्सेसचे पगार थांबले. म्हणून योजना सोडली. इमर्जन्सी चालवणं परवडत नाही हो. बंदच करणार होतो, पण बायपासवरचे ॲक्सिडेंट कुठे जाणार?”

त्या वेळी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. आज राग आहे, पण तसा नाही. त्यांनाही आमच्यासारखंच वरून झळकतं ठेवायला लागत होतं. काचेचा दरवाजा, एसी, बाहेर लाल अक्षरांत चोवीस तास इमर्जन्सीची पाटी, आणि आत इंजेक्शन नाही. फरक इतकाच की आमचा हार बघून कुणी जीव मुठीत घेऊन आमच्या दारात येत नव्हतं.

ॲम्ब्युलन्सवाल्यानेही आधी पैसे घेतले. मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरची ही रांग. ह्यांच्या गोडाऊनचा रस्ता डाव्या हाताला गेला. रोज ज्या गाड्यांत हे माल चढवायचे त्याच गाड्या आमच्या पुढे उभ्या होत्या, सायरनला जागा द्यायची म्हटलं तरी त्या जाणार कुठे. सासूबाई ह्यांचा उजवा हात चोळत होत्या, थंडीत चोळतात तसा.

ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात कुणी पैशांचं नाव काढलं नाही. ह्यांना सरळ आत घेतलं. मग मेंदूचे डॉक्टर बाहेर आले. “इंजेक्शनची वेळ निघून गेलीय. आता दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका जास्त. गुठळी बारीक नळीत आहे, तार घालून काढण्यासारखी नाही. आता जेवढं वाचलंय ते जपू.” मी विचारलं, किती उशीर झाला? ते म्हणाले, “तो विचार करू नका.” म्हणजे फार नव्हता झाला. फार झाला असता तर सरळ सांगितलं असतं त्यांनी.

आयसीयूबाहेरच्या बाकावर मी त्याच पैठणीत बसून होते. कमरपट्टा टोचत होता म्हणून काढून पिशवीत टाकला. तिथल्या समाजसेविका मॅडम आल्या. ह्या बाई मोठ्या हॉस्पिटलात कागदपत्रांना मदत करायला असतात. त्यांनी आमचं केशरी कार्ड योजनेत बसवलं. आणि सगळं ऐकून म्हणाल्या, “इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही. आधी जीव वाचवायचा, असा नियम आहे. तुम्ही तिथे बोलला नाहीत का?”

बोलायला माहीत तर हवं! आम्हाला हळदीत कुणी कुणाच्या अंगाला आधी हात लावायचा त्याचे नियम तोंडपाठ. हा नियम कुणी सांगितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मुहूर्त मोडता येईना. निखिल मुंडावळ्या सोडून बायकोला घेऊन संध्याकाळी हॉस्पिटलात आला. नवी नवरी बिचारी आयसीयूच्या दारात कुणाच्या पाया पडावं ते न कळून माझ्याच पडली. म्हाताऱ्या बायका अजून म्हणतात, नवरदेवाने वेस ओलांडली म्हणून त्याच्या संसाराला अपशकुन झाला. त्याचा संसार उत्तम चाललाय. तो नसता तर हे बाजल्यावरच गेले असते, हे डॉक्टरांनीच मला सांगितलं.

हे वाचले. उजवा पाय हळूहळू आला, ओढत का होईना चालायला लागले. उजवा हात नाही आला. आणि बोलणं गेलं. त्याला अफेझिया म्हणतात. माणसाला सगळं कळतं, मनात शब्द असतो, पण तोंडावर येत नाही. पाणी हवं असलं की हे “चावी” म्हणायचे. स्वतःलाच कळायचं चुकलं म्हणून, आणि डोळे भरून यायचे. स्पीच थेरपी, म्हणजे बोलायचं पुन्हा शिकवणं, आठवड्यातून दोनदा ठाण्याला असते. जाण्या-येण्यातच दिवस जातो आणि माझं शिवण राहतं, म्हणून दोनाची एक वेळ केली. ठेकेदाराने पहिल्या महिन्यात फळं पाठवली, दुसऱ्या महिन्यात ह्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. फोर्कलिफ्टचे दांडे उजव्या हाताला असतात, तो तरी काय करणार.

मी खूप चिडायचे. दाजींवर, काऊंटरवर, मालकावर, डीजेवर. कधी ह्यांच्यावरसुद्धा. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला मी ओरडले आहे, “एक शब्द तरी बोला हो! शिवी द्या, पण बोला!” मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर तुम्हीही ओरडाल. ओरडा. आणि पाणी प्या, परत जाऊन त्यांच्याजवळ बसा.

आणि हे तेवढं ध्यानात ठेवा. कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तो प्यालाय की नाही ते पोलिसांना ठरवू द्या. तुम्ही त्याला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, नाव विचारा. जमलं नाही तर घड्याळ बघा आणि उचला. निघतानाच फोन करून विचारा, सीटी स्कॅन आहे का, ते इंजेक्शन आहे का. पाटीवर जाऊ नका. आणि काऊंटरवर पहिल्याच वाक्यात, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, आमच्याकडे आत्ता पैसे नाहीत, पेशंटला आधी आत घ्या. लाज वाटेल. मलाही वाटली होती.

परवा आमच्या भावकीत एक हळद होती. मी जाणार नव्हते, पण ह्यांनी डाव्या हाताने शर्ट पुढे केला. मग निघालो. माझ्या गळ्यात काळी पोत, बस. सासूबाईंच्या कानात कडुनिंबाच्या काड्या, भोकं बुजू नयेत म्हणून. कुड्या सोडवायच्या आहेत अजून. आम्हाला तसं बघून दोन बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी सरळ म्हटलं, “माझं विकलंय. तुमचं खरं आहे का?” दोघी तिथून गेल्या.

ह्यांना मांडवात खुर्चीवर बसवलं. दाजीही आले होते. ते हल्ली ह्यांच्या नजरेला नजर देत नाहीत. बैठकीतून उठून ते मांडवात आले आणि अचानक झोक गेला. खांब धरला, तो सुटला, पुन्हा झोक. काहीतरी बरळले. सगळे हसायला लागले.

मी पळत गेले आणि दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले. “दाजी, हसा!”

“आँ?”

“हसा म्हणते ना! दात दाखवा! हात वर करा, दोन्ही! नाव सांगा तुमचं!”

माझ्या आवाजाने गाणं बंद झालं. दाजींनी मुकाट्याने दात दाखवले. दोन्ही हात वर केले, सरळ, सारखे. आणि मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी एक सणसणीत शिवी हासडून म्हणाले, “डोकं फिरलं का गो तुझं, वैशाली?” शिवी एकदम स्वच्छ होती, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. इतकी छान शिवी मी जन्मात ऐकली नव्हती.

तेवढ्यात मागून आवाज आला.

“चढ… ली.”

मी वळले. हे खुर्चीवरून पुढे वाकले होते. डावा हात दाजींकडे, तोंड अर्धं हसतंय, अर्धं तसंच.

“दा… जी. चढली. दाजींना… चढली.”

कुणी हसलं नाही. दाजी तसेच हात वर करून उभे होते. मग ते झुकांड्या खात ह्यांच्यापाशी गेले, खाली बसले, ह्यांचा तो लुळा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यावर डोकं ठेवून पोरासारखे रडले. “हां रे दिनेश, मना चढली. तुला न्हवती रे. तुला न्हवती चढली.”

सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

“बोलला गो,” त्या म्हणाल्या. “माझा पोर बोलला. आन् खरं तेच बोलला.”